पावसाळ्यात काच आतून वाफ धरते, कार्पेट ओलं राहतं: गाडीत पाणी कुठून येतं ते शोधायचं कसं

पावसाळा लागला की गाडीवाल्यांची एक तक्रार दरवर्षी ठरलेली असते. समोरची काच आतून वाफ धरते. एसी लावला की पाच-दहा मिनिटं बरं जातं, बंद केला की पुन्हा तेच. फडक्याने पुसावी तर रात्री समोरून दिवे आले की पुसल्याचे सगळे फराटे चमकतात आणि रस्ताच दिसेनासा होतो. सपाट हायवेवर हा नुसता वैताग असतो. वाईहून पसरणी घाट चढताना किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना मात्र तो जिवावरचा प्रकार होतो. बाहेर धुकं, एका अंगाला दरी, त्यात काच आतून आंधळी.

यावरचे घरगुती उपाय बहुतेक काचेवरच चोळायचे असतात. कुणी शेव्हिंग फोम सांगतं, कुणी बटाटा, कुणी तंबाखू. बटाटा आणि तंबाखू तर बाहेरच्या काचेवरून पाणी ओघळून जावं म्हणून चोळतात, आतल्या वाफेशी त्यांचा संबंध नाही. फोमने आतून थोडा वेळ फरक पडतो हे खरं. पण वाफ काचेवर दिसत असली तरी दरवर्षी, रोज सकाळी, न चुकता धरणाऱ्या वाफेचं मूळ बहुतेक वेळा आपल्या पायाखाली असतं. गाडीत कुठून तरी पाणी शिरतंय, कार्पेटखाली मुरतंय आणि थोडं थोडं वर येऊन काचेवर बसतंय. ते पाणी बंद केल्याशिवाय ही तक्रार जात नाही. त्यामुळे खालचं बरंचसं लिखाण पाणी शोधण्याबद्दल आहे.

एका रात्रीची तपासणी

संध्याकाळी गाडीतून ओल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाच्या चपला, ओली पायपुसणी सगळं बाहेर काढा. काचा आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वर करून गाडी लावा. सकाळी दार उघडायच्या आधी बाहेरूनच काचांकडे बघा. रात्रभर आत कुणी श्वास घेतलेला नाही. तरीही काचा आतून धुरकट असतील, खालच्या कडेला थेंब जमले असतील, तर गाडीत पाणी साठलेलं आहे. ही गोष्ट तिथेच नक्की झाली असं समजा.

सकाळी काचा स्वच्छ आहेत आणि चार जण भिजून आत बसल्यावरच वाफ धरते आहे, असं असेल तर गाडी ठीक आहे. प्रश्न फक्त बटणांचा आहे. तो आधी उरकून टाकू.

बटणं कशी लावायची

माणूस नुसता बसला तरी श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार जण म्हणजे तासाला जवळजवळ एक पेलाभर. आतली हवा २५ अंशांची आणि ८० टक्के दमट असेल तर जी वस्तू २१ अंशांच्या खाली असेल तिच्यावर त्या हवेतलं पाणी जमणार. जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला भर दुपारीही पारा विशीच्या आसपास असतो आणि वारा लागून काच तेवढीच थंड होते. वाफ तिच्यावर धरायचीच.

तेव्हा दोन गोष्टी एकदम हव्यात. हवा कोरडी आणि काच कोमट. हवा कोरडी करायचं काम एसी करतो, काच कोमट करायचं काम हीटर. आपल्याकडे एसी म्हणजे थंड आणि हीटर म्हणजे गरम, दोन्ही एकत्र कशाला, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. घाटात नेमके दोन्ही एकत्र लागतात. एसीचं बटण चालू, तापमानाचा नॉब लाल बाजूला, हवेचा रोख काचेकडे, पंखा दोन-तीनवर आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद. शेवटचं विसरू नका. आतली हवा आतच फिरत राहिली तर आपल्याच श्वासाची ओल वाढत जाते. बाहेर पाऊस असला तरी बाहेरचीच हवा घ्यायची, कारण ती एसीच्या कॉइलवरून (हवा गार करणाऱ्या थंड नळ्यांच्या जाळीवरून) येताना तिच्यातलं पाणी गळून जातं.

कोकणातून वर येणाऱ्यांना एकाच प्रवासात दोन वेगवेगळे प्रकार भेटतात आणि गोंधळ उडतो. खाली पोलादपूरला हवा उबदार आणि चिंब दमट. तिथे एसीचा गार झोत काचेवर सोडलात तर काच बाहेरून धुरकट होते. वर आलात की बाहेर गार आणि मग आतून. म्हणून पहिल्यांदा वायपर एकदा मारून बघा. वायपरने साफ झाली तर वाफ बाहेरची. तेव्हा झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायाकडे वळवा आणि थंडावा कमी करा. वायपरने काही फरक पडला नाही तर वाफ आतली, मग वरचा उपाय.

घाटात एसी एकदम बंद करू नका. कॉइलवर त्या वेळी पाणी निथळत असतं. एसी बंद होऊन पंखा चालू राहिला की तेच पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि काही सेकंदांत काच पांढरी होते. वळणावर हे झालं तर फार वाईट. कॉइल सुकवायची असेल, आणि कुबट वास टाळायला ती सुकवावीच, तर घराजवळ आल्यावर शेवटची पाच मिनिटं एसी बंद, पंखा चालू, खिडकी बोटभर उघडी.

हे सगळं करूनही गरम हवा येतच नसेल तर हीटरकडे बघावं लागेल. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, विशेषतः जुन्या गाड्यांत. थर्मोस्टॅट साधारण ८०-९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तोवर कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव, याच्याच उष्णतेवर हीटर चालतो) रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की गार हवेत इंजिन तापमानावर यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि हीटर नुसता कोमट राहतो. कधी हीटरची गळती थांबवायला त्याच्या दोन नळ्या बाहेरच्या बाहेर एकमेकींना जोडून टाकलेल्या असतात. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे जरूर बघा. इंजिन चांगलं तापल्यावर, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, बोनेटखाली डॅशबोर्डकडे जाणाऱ्या दोन नळ्या हलकेच चाचपा. दोन्ही गार असतील तर गरम पाणी तिथवर पोचतच नाही. एक गरम आणि एक गार असेल तर आतला हीटर कोअर (ज्यातून गरम कुलंट फिरतं ती जाळी) चोंदलाय किंवा झडप उघडत नाही. पंख्याजवळ सैल बाही किंवा ओढणी जाऊ देऊ नका.

पाणी कुठे साठतं

आता खरा विषय. पायपुसण्या उचला आणि कार्पेट तळहाताने जोर देऊन दाबा. नुसता हात फिरवून काही कळत नाही. कार्पेटच्या खाली फोम किंवा नमद्यासारखा जाड थर असतो, त्यात कित्येक लिटर पाणी मावतं आणि वरचं कापड मात्र कोरडं लागतं. पुढे दोन्हीकडे दाबा, सीटखाली दाबा, आणि मागच्या प्रवाशांच्या पायाखाली तर जरूर. गाडी चढावर चालली की पुढचं पाणी मागे सरकतं, म्हणून मागे ओल सापडली तरी गळती पुढचीच असू शकते. शेवटी डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात हात घाला.

हल्ली सगळीकडे दिसणाऱ्या, कडा वर वळवलेल्या जाड चामडीसारख्या मॅट बसवल्या असतील तर त्या पावसाळ्यापुरत्या काढून ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. त्यांच्यामुळे वरची सफाई सोपी होते, पण खाली पाणी आलं तर महिनोन् महिने कळत नाही आणि सुकतही नाही. साध्या रबरी मॅट बऱ्या. रोज उचलून झटकता येतात.

पाणी सापडलं की लगेच पुसू नका. आधी त्याची चौकशी करा. बोटावर घेऊन चोळा. चिकट, तेलकट लागलं, गोडसर वास आला, काचेवरची वाफही पुसताना तेलकट पसरली, तर ते पाणी नाही, कुलंट आहे. डॅशबोर्डमागचा हीटर कोअर गळतोय. कुलंटची बाटली रोज थोडी उतरत असेल तर खात्रीच समजा. हे काम गॅरेजचंच, कारण बऱ्याच गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कुलंट विषारी असतं, त्यामुळे मागे रांगणारं मूल असेल तर तोवर गाडीत नेऊ नका.

साधं पाणी असेल तर ते कधी वाढतं ते आठवा. पाऊस नसताना, एसी लावून लांब गेल्यावर ओल वाढत असेल तर एसीची नळी तुंबलीय. गाडी उभीच असताना रात्रभराच्या पावसाने वाढत असेल तर वरून किंवा दारातून गळतंय. उभी असताना काही नाही पण साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ओल येते, असं असेल तर तळाच्या पत्र्यातलं एखादं रबरी बूच निघालंय.

एसीची नळी

सगळ्यात जास्त सापडणारं आणि सगळ्यात सोपं कारण हे. एसीच्या कॉइलवर जमणारं पाणी एका छोट्या रबरी नळीने गाडीखाली पडतं. पावसाळी हवेत ते तासाला लिटरभरही असू शकतं. नळीच्या तोंडाशी धूळ आणि शेवाळ्यासारखा चिकट गाळ बसला, कधी कुंभारमाशीने मातीचं घर केलं, की पाणी उलट वळून आत पडतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ते डावीकडे, पुढच्या प्रवाशाच्या पायाशी येतं.

कोरड्या फरशीवर गाडी उभी करा, एसी पूर्ण चालू करून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा. खाली डबकं झालंच पाहिजे. दमट दिवशी एक थेंबही पडला नाही तर नळी बंद आहे. खालून नळीचं टोक सापडलं तर बोटाने दाबून गाळ मोकळा करा किंवा मऊ प्लास्टिकची बारीक नळी जराशी आत सरकवून फुंका. साठलेलं पाणी एकदम भसकन येतं, तोंड बाजूला ठेवा. टोकदार तार घालू नका. आत कॉइल असते, तिला भोक पडलं तर काही हजारांचं काम. खालून हात पोचत नसेल तर गॅरेजमध्ये गाडी वर उचलून हे काही मिनिटांत होतं.

ओळखीतल्या एका गाडीचा किस्सा इथे सांगण्याजोगा आहे. काच धुरकट होते म्हणून गॅरेजने एसीचा गॅस भरून दिला. काच आठवडाभर बरी राहिली, कारण एसी जास्त जोरात पाणी ओढायला लागला. पण ते पाणी बाहेर जायला वाटच नव्हती, ते सगळं कार्पेटमध्ये उतरलं. दुसऱ्या आठवड्यात आधीपेक्षा जास्त वाफ आणि वर कुबट वास. नळीच्या तोंडातून करंगळीच्या पेराएवढा काळा गोळा निघाला आणि प्रश्न मिटला.

काचेखालची जाळी

समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, काळी प्लास्टिकची जाळी असते. काचेवरचं सगळं पाणी तिच्यातून खालच्या पन्हाळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांमागे बाहेर पडतं. गाडी झाडाखाली लावणाऱ्यांनी इथे खास लक्ष द्यायला हवं. आंब्याचं किंवा फणसाचं पान मोठं असतं, ते जाळीवरच अडकतं आणि हाताने उचलता येतं. त्रास देतात ती चिंच आणि गुलमोहराची पानं. त्यांची बारीक पाती जाळीतून सहज आत जातात, मातीत कालवली जातात आणि कोपऱ्यातल्या भोकावर त्यांचा थर बसतो. वरून बघाल तर जाळी स्वच्छ, खाली पन्हाळ काठोकाठ भरलेली.

बऱ्याच गाड्यांत पंख्याला बाहेरची हवा याच पन्हाळीतून मिळते. पाण्याची पातळी त्या तोंडापर्यंत चढली की ते थेट आत पडतं. पंखा लावल्यावर डॅशबोर्डमधून गुळगुळ किंवा सपसप असा आवाज आला तर हेच झालंय. पंख्याची मोटर भिजून अडकायला लागते, केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) भिजून लगदा होतो.

तांब्याभर पाणी जाळीवर एका टोकाला सावकाश ओता आणि खाली वाकून बघा. त्या बाजूच्या चाकामागून पाणी लगेच पडलं पाहिजे. मग दुसऱ्या टोकाला. थेंब थेंब येत असेल तर वायपरचे हात आणि जाळी काढून गाळ ओंजळीने बाहेर काढा. गाळ पाण्याच्या जोराने खाली ढकलू नका, तो भोकात जाऊन घट्ट बसतो. मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि पाऊस मध्यावर आला की एकदा, एवढं केलंत तर बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. हात तिथे गेलाच आहे तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टरही काढून बघा. काळा पडलेला, ओला फिल्टर हवा अडवतो आणि काच सुकायला दुप्पट वेळ लागतो.

दारं

दाराच्या आत पाणी जाणं हे गाडी बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं. काच भिजते, पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या कडेच्या दोन-तीन भोकांतून निघून जातं. ही भोकं चिखलाने किंवा गॅरेजमध्ये मारलेल्या गंजरोधक काळ्या थराने बुजतात. दार हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली तर खालून काडीने भोकं मोकळी करा. पाण्याची धार लागेल.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. दाराच्या आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद चिकट पट्टीने सगळीकडून लावलेला असतो. दाराच्या पोटातलं पाणी आत येऊ न देणं हे त्या कागदाचं काम. बाहेरून स्पीकर बसवले, पॉवर विंडोची मोटर बदलली की हा कागद उपसला जातो आणि घाईत तसाच अर्धवट चिकटवून पॅड बसवतात. पुढच्या पावसात पाणी उंबऱ्यावरून आत. तुमच्या गाडीत अलीकडे असं काही काम झालं असेल आणि ओल त्याच दाराखाली असेल, तर फार शोधायची गरज नाही. पॅड काढून कागद ब्युटाइलच्या काळ्या चिकट पट्टीने नव्याने लावून घ्या. सेलोटेप दमटपणात टिकत नाही.

छत, डिकी आणि बदललेली काच

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत भोकं असतात आणि नळ्या खांबांमधून खाली येतात. सनरूफ उघडून कोपऱ्यात थोडं थोडं पाणी ओता, ते गाडीखाली यायला हवं. तुंबली असेल तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जोराने नळी सांध्यातून निसटते आणि मग पाणी छताच्या कापडातून टपकायला लागतं.

डिकीत पाणी सापडलं तर मागच्या दिव्यांच्या रबरी गॅस्केटकडे आणि दाराच्या रबरी बीडिंगकडे बघा. समोरची काच कधी बदलली असेल तर तिच्या कडेचा चिकटवा एखाद्या ठिकाणी सुटलेला असतो. पाणी डॅशबोर्डच्या टोकाला, खांबाजवळून उतरतं.

इतक्यावर सापडलं नाही तर नळी लावून शोधायचं. एक जण बॅटरी घेऊन आत, पॅड आणि कार्पेटची कड उचलून. दुसरा बाहेर, बागेची नळी मंद धारेवर. खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. आधी दाराची खालची कड, मग काचेची पट्टी, मग जाळी, मग समोरच्या काचेच्या कडा, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. आतल्या माणसाने कोरडी वर्तमानपत्रं पसरून ठेवावीत, पहिला डाग कुठे पडतो ते स्पष्ट दिसतं. प्रेशर वॉशर वापरू नका. त्याने धडधाकट रबरातूनही पाणी आत जातं आणि भलतीच जागा दोषी ठरते.

सुकवणं

गळती बंद झाली म्हणजे काम अर्धं झालं. कार्पेटखालचा फोम तसाच ओला राहिला तर पुढचे दोन महिने वाफ आणि वास दोन्ही चालू राहतील, आणि आपण गळती पुन्हा सुरू झाली असं समजून बसू. दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या काढा, कार्पेटची कड उचला, खाली लाकडाचे तुकडे ठेवून ते अधांतरी धरा. जुने टॉवेल दाबून जितकं टिपता येईल तितकं टिपा. मग शेडमध्ये गाडी लावून टेबलफॅन दोन दिवस त्या फटीतून चालू ठेवा. उन्हाची तिरीप आली तर दारं सताड उघडी. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. सीट काढायचीच वेळ आली तर जाणकाराकडून काढून घ्या. तिथल्या बाकीच्या वायरींच्या जोडांवर हिरवी-पांढरी पूड दिसली तर तीही त्याला दाखवा. सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा लागणं, एअरबॅगचा दिवा पेटणं, असल्या ऑक्टोबरमधल्या तक्रारींचं मूळ या जोडांत असू शकतं.

सिलिका जेलच्या पिशव्या, कोळसा, हे गाडी कोरडी झाल्यावर उरलेल्या दमटपणासाठी. साठलेल्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही. काच मात्र आतून नीट धुवा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मायक्रोफायबरचं फडकं, मग साध्या पाण्याचं दुसरं फडकं. डॅशबोर्डचं पॉलिश, उदबत्ती, सिगारेट यांचा तेलकट थर काचेवर बसतो आणि मळक्या काचेवर वाफ जास्त चिवट धरते. पावसाळ्यात डॅशबोर्डला चकाकी आणणारा फवारा मारूच नये.

सकाळी सेल्फ मारला तरी चालू होत नाही

गार, ओल्या सकाळचा हा दुसरा नेहमीचा त्रास. सेल्फ मंद, रडत फिरतो का, की जोरात फिरूनही इंजिन पकडत नाही, एवढं आधी ठरवा.

मंद फिरत असेल तर बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे तिच्या भरवशावर घाट चढू नका. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. (काही नव्या गाड्या स्वतःच व्होल्टेज कमी-जास्त करतात, त्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात.) पावसात दिवे, वायपर, पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम चालू असतं आणि गावातल्या गावात दोन किलोमीटर फिरून बॅटरी भरत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, किंवा चालू होऊन मिस मारतंय, असं पेट्रोल गाडीत झालं तर ओल ठिणगीपर्यंत पोचलीय. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या जाड वायरी. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू असताना बघा, वायरींच्या अंगावरून निळसर ठिणग्या फिरताना दिसतात. हात लावू नका, वायरींचा संच बदला. नव्या गाडीत प्रत्येक प्लगवर ठिणगी देणारी स्वतंत्र कॉइल असते (एसीची वेगळी) आणि प्लगच्या खोलगट विहिरीत पाणी उतरतं. कारण बहुधा एकच, काचेखालची तुंबलेली पन्हाळ इंजिनवर ठिबकते किंवा सर्व्हिसिंगला इंजिन पाण्याने धुतलेलं असतं. इंजिन थंड असताना कॉइल काढून विहीर कोरडी करा. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि तो फार महाग असतो.

डिझेल गाडी गार सकाळी पांढरा धूर सोडत कष्टाने चालू होत असेल तर ग्लो प्लग (गार इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) तपासा आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडून द्या.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. विम्यात इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर हा खर्च बहुतेक वेळा मिळत नाही, तेव्हा पॉलिसी जूनच्या आधी उघडून वाचा.

हँडब्रेक

दोन-चार दिवस पावसात उभी राहिलेली गाडी पुढे जायला नाही म्हणते, मागची चाकं धरून ठेवल्यासारखी वाटतात. मागच्या ड्रममध्ये गंजामुळे ब्रेक लायनर चिकटलेले असतात. एकदम ॲक्सिलरेटर देऊ नका, लायनर उखडून निघतात. रिव्हर्स आणि पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे-मागे करा, टक्क आवाज होऊन चाक सुटतं. नाहीच सुटलं तर ड्रमवर बाहेरून लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्या. गाडी जास्त दिवस ठेवायची असेल तर सपाट जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, दोन चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक ओढू नका. पुढच्या डिस्कवर रात्रीत तांबूस गंज दिसला तर घाबरायचं कारण नाही, पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो पुसला जातो. फक्त ते पहिले ब्रेक उतार लागायच्या आधी, सपाट रस्त्यावर मारून घ्या.